चट्टेवाले

त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पाठी राहत. रेणापूरच्या बाजारात कुणी समोरून हात जोडत आला की ते नुसते हसायचे आणि माझ्याकडे बघायचे; म्हणजे हा कोण ते मी सांगायचं. मी तरी कुठून सांगणार? मी नांदेडचा, त्या भागात येऊन मला जेमतेम दोन महिने झालेले. मग तो माणूस पुढे जायचा आणि हे मान वळवून त्याच्या पाठीकडे बघायचे. अंगात सदरा असला तरी चालायचं. खांदा कसा पडतो, मान कुठे कलते, एवढ्यावर त्यांना सगळं आठवायचं.

"हां, हां. कण्याच्या डाव्या अंगाला शिबं. बायकोला बी होती." आणि मग भर बाजारात हाक, "ओ दादा, गेली का शिबं?"

तो माणूस मेथीच्या पेंढ्यांआड तोंड लपवायचा. मला हसू यायचं आणि लाजही वाटायची. शिबं, नायटा, घामोळं, खरूज यांची चौकशी ते अशी चव्हाट्यावर करत. पण एखादी पाठ समोरून गेली आणि ते काहीच बोलले नाहीत, चष्मा काढून उगाच पुसत बसले, की मी ओळखायचो. ती आमच्या खात्याची पाठ.

आमचं खातं कुष्ठरोगाचं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पाट्यांचा रंग ओला होता, खुर्च्या यायच्या होत्या आणि आमच्या रेणापूरच्या एका खोलीच्या ऑफिसात एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि आम्ही दोघं होतो. मी शिकाऊ उमेदवार, ते माझे वरिष्ठ. त्यांचा हुद्दा होता अवैद्यकीय सहायक. हा शब्द ते फार चवीने उच्चारत. कुणी "डॉक्टरसाहेब" म्हटलं की म्हणत, "डॉक्टर न्हाई बाबा. सरकारनंच लिहून दिलंय, ह्याला वैद्यकीतलं काय कळत न्हाई म्हणून. आता इचार काय इचारायचंय ते." लोक विचारायचेच. लोकांनी त्यांना नाव ठेवलं होतं चट्टेवाले, आणि त्या नावाने पत्र आलं तर पोस्टमन बिनदिक्कत आमच्या दारात टाकायचा.

काम सोपं होतं, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. गावोगाव जायचं, माणसांना उन्हात उभं करायचं, अंगावर फिकट चट्टा दिसतो का बघायचं आणि तो बधिर आहे का ते तपासायचं. बधिर असला तर गोळ्या सुरू, आणि त्या वर्षानुवर्षं चालवायच्या. सावलीत तपासलेलं त्यांना मान्य नव्हतं. देवळात, शाळेत, पारावर कुणी प्रेमाने बसायला सांगितलं तरी हे उन्हात जाऊन उभे. खिशात मोराचं एक पीस असायचं. "डोळे झाक. कुठं लागलं, बोट ठेव," असं म्हणून ते पीस अंगावर हळूच टेकवायचे. बहुतेक जण गुदगुल्या होऊन हसायचे. एखादा डोळे झाकून नुसताच उभा राहायचा, वाट बघत. पीस त्याच्या दंडावर तीनदा फिरून गेलेलं असायचं आणि तो विचारायचा, "सुरू करा की साहेब." अशा वेळी चट्टेवाले पीस खिशात ठेवत आणि म्हणत, "झालं. लई चांगलं झालं." ते किती वाईट झालं होतं हे फक्त आम्हा दोघांना कळायचं.

दुसरी तपासणी दोन काचेच्या नळ्यांची होती, एकीत गरम पाणी आणि एकीत थंड. त्या सालच्या उन्हाळ्यात गरम पाण्याची चिंता नव्हती. विहिरींना तळ दिसत होते, टँकर आठवड्यातून दोनदा यायचा आणि त्याचं पाणी हाताला चटका देत असे. थंड नळी आणायची कुठून? ते ती ओल्या फडक्यात गुंडाळून एका गाडग्यात ठेवत आणि ते गाडगं सायकलच्या दांडीला बांधून फिरत. वाटेत लोक विचारत, गाडग्यात काय? ते म्हणत, "थंडी हाय थोडी. पाह्यजे का?"

दुष्काळाने आमच्याकडे गर्दी वाढवली. अंघोळीला पाणी नाही, एका वाकळेखाली सहा माणसं, मग खरूज काय एकट्याला होते का? बाई हात पुढे करायची, बोटांच्या बेचक्यात पुरळ. हे विचारत, "घरात किती जणं?" ती म्हणायची, "मलाच हाय हो." हे औषध देत सगळ्या घराचं. "गळ्यापासून तळव्यापर्यंत, समद्यांनी एकाच दिवशी. ज्याला खाज न्हाई त्यानं बी. एक जण जरी राहिला तर खरूज त्याच्याकडं पाहुणी जाती आन परत येती." मग कपडे उकळायचा मुद्दा निघे. पुस्तक म्हणत होतं, उकळा. प्यायलाच पाणी नाही तिथे उकळणार काय? त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून सांगितलं, अंगावरचे बदला, बाकीचं गाठोडं घट्ट बांधा आणि आठ दिवस सोडू नका. आत जे आहे ते उपाशी मरतं. "दुष्काळ आपल्यालाच हाय व्हय?" असं वर म्हणत.

नायट्यावर लोक बिब्बा लावून यायचे. नायटा तिथेच आणि भोवती भाजून फोड. "बिब्ब्यानं नायटा जात न्हाई, कातडं जातं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे ते फक्त "बिब्ब्यानं..." म्हणत आणि राहिलेलं मी पुरं करायचो. एखादी आई अंगावर कोड उठलेल्या मुलीला पदराखाली झाकून आणायची आणि विचारायची, हे दूध-मासे एकत्र खाल्ल्याने झालं का, मागच्या जन्मीचं आहे का, आमच्या अंगाला लागेल का. तेव्हा मात्र ते खाली बसून, त्या मुलीच्या डोळ्यांशी डोळे आणून बोलत. "कोड हाय ते. लागत न्हाई, दुखत न्हाई. तुझं कशानं चुकलं न्हाई, आन तुझ्या मायचं बी न्हाई." उत्तर एवढंच. जायचं औषध त्यांच्याकडे नव्हतं आणि ते आहे असं त्यांनी कधी भासवलं नाही.

ते सतत दमलेले असत. बसताना "दमलो बाबा", उठताना "दमलो बाबा". सकाळी सायकलला किल्ली लावतानाही दमलेले. मी एकदा विचारलं, अहो, आत्ताच तर उठलात. म्हणाले, "कालचं राहिलंय." घरात बुद्धाची तसबीर, एक खाट आणि धाकट्या बहिणीचं पत्र ठेवायला एक तारेचा आकडा. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा हे शाळकरी होते. त्याआधीचं गाव कसं होतं, याबद्दल ते बोलत नसत आणि मीही विचारलं नाही. माझं घर जमीनजुमल्याचं. विचारलं असतं तर उत्तरात माझ्या आजोबांसारखा कुणीतरी निघाला असता.

त्यांची काम करायची रीत मात्र सरकारी कपाळाला आठी आणणारी होती. एका गल्लीत एक रोगी असला तर ते त्या गल्लीतल्या दहाही घरांत गोळ्या वाटत. नऊ घरांना ताकदीच्या पिवळ्या गोळ्या, एका घराला खऱ्या. सगळ्या तशाच कागदाच्या पुड्यांत, सगळ्यांना तीच दटावणी, "रोज घ्यायच्या, चुकवायच्या न्हाईत." त्यामुळे रोगी कोण, हे गल्लीला कळत नसे. सुनेचं सासूला कळत नसे. कार्डावरही नाव नाही. गावाचं नाव आणि खाली "उजव्या खांद्याच्या फऱ्यावर भाजल्याची खूण" किंवा "मानेवर जोड तीळ" एवढंच.

मला ह्या सगळ्याचा राग यायचा. मी नुकताच प्रशिक्षण घेऊन आलो होतो, परीक्षेत पहिला. नऊ घरांना फुकट गोळ्या म्हणजे उधळपट्टी, आणि बिननावाची कार्डं म्हणजे अंधेरनगरी. त्यात नव्या जिल्ह्याने नवे तक्ते पाठवले होते. रकाना पहिला : रुग्णाचे संपूर्ण नाव. मी त्यांच्या मागे लागून, एकेक पाठ विचारून, नावांची स्वच्छ यादी केली. ते सांगायला नाखूश होते. "यादी कपाटातच राहू दे," एवढं म्हणाले.

त्या यादीत एक बाई होती. तिचं नाव इथे लिहिणार नाही. एकदा मोठ्याने घेतलं तेवढं पुरे झालं.

रेणापूरपासून कोसभरावर रोजगार हमीचं खडी फोडायचं काम चालू होतं. अडीच-तीनशे माणसं उन्हात हातोडे घेऊन. ह्या बाईच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, कोपराखाली एक चट्टा. तिचा प्रकार न लागणारा होता, गोळ्याही चालू होत्या. पण खडी फोडताना दगड डाव्या हाताने धरावा लागतो आणि ज्या बोटाला लागलेलं कळत नाही ते बोट दगडापाशी टिकत नाही. चट्टेवाल्यांनी मुकादमाला गाठून काहीतरी भलतंच कारण सांगितलं आणि तिला पाणी पाजायचं काम मिळवून दिलं. कमरेवर घागर, हातात पितळी लोटा, दिवसभर ओळींमधून फिरायचं. ते काम तिला आवडायचं. पुरुषांना दटावून पाजायची, म्हाताऱ्यांना दोनदा पाजायची, "पाणी सांडणाऱ्याला उद्या पाणी न्हाई" म्हणायची. हाताची काळजी आमच्या दोघांइतकीच तिलाही होती. घरी दोन लहान मुली होत्या आणि नवरा कामाच्या शोधात गेला तो गेलाच होता.

मे महिन्यात चट्टेवाल्यांना जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागलं. आमच्या वाट्याच्या गावांची काही कार्डं तिकडेच अडकली होती. जाताना म्हणाले, "पिवळ्या गोळ्या संपल्यात. नव्या आल्याबिगर वाटप करू नको. चार दिवसानं काय मरत न्हाई कुणी."

मला मात्र महिनाअखेरचा अहवाल पाठवायचा होता. रकाना सहावा : प्रत्यक्ष वाटप. खऱ्या गोळ्या कपाटात पडल्या होत्या, ज्यांच्या होत्या त्यांना द्यायच्या, यात वावगं काय? मी दुपारच्या सुट्टीत खडीच्या कामावर गेलो. माणसं बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत भाकरी खात होती. मी यादी उघडली आणि तिचं नाव घेतलं, पुरं, नवऱ्याच्या नावाआडनावासकट. ती घागर ठेवून आली. मी खात्याच्या छापील पाकिटातल्या गोळ्या तिच्या हातात दिल्या आणि सही म्हणून अंगठा घेतला.

मुकादम शिकलेला होता. त्याने पाकिटावरचं वाचलं. मोठ्याने नाही वाचलं, पण तिथे मोठ्याने वाचायची गरजही नव्हती.

तिसऱ्या प्रहरी ती घागर घेऊन उठली तेव्हा पहिल्याच ओळीतल्या माणसाने हात आडवा केला. "तहान न्हाई." दुसऱ्याला तहान नव्हती, तिसऱ्याला नव्हती. मे महिन्याच्या त्या उन्हात तीनशे माणसांपैकी एकालाही तहान नव्हती. थोड्या वेळाने लोक एकेक करून उठले आणि टँकरच्या पिंपाकडे स्वतः चालत गेले. संध्याकाळी मुकादमाने तिला सांगितलं, उद्यापासून खडीवर ये. मी अजून तिथेच होतो. मी त्याला पुस्तकातलं सगळं समजावलं, पाण्यातून पसरत नाही, हिचा प्रकार लागणारा नाही. तो म्हणाला, "मला पटतंय हो साहेब. पर माणसं काम सोडून जायलीत, मी काय करू?"

चट्टेवाले दोन दिवसांनी आले. एस.टी.तून उतरले तेव्हाच कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. कार्डांचं गाठोडं माझ्या सायकलला बांधलं आणि म्हणाले, "चल." मला वाटलं ऑफिसात नेऊन झाडतील. ते थेट कामावर गेले.

ती खडीच्या ढिगाऱ्यापाशी बसली होती, डाव्या हाताला फडकं गुंडाळून. त्यांनी तिला उठवलं. "माय, तुझी घागर कुठाय? पाणी पाज." तिने नको नको म्हणत पाणी आणलं. ते तो लोटा तोंडाला लावून, ओठ टेकवून प्यायले. मग दुसरा लोटा. पाणी दाढीवरून सदऱ्यावर ओघळत होतं. माणसं हातोडे थांबवून बघत होती. ते म्हणाले, "बगा. हिचा रोग लागत न्हाई. दवा चालू हाय. आन पाण्यातनं तर कुणाचाच लागत न्हाई. कुणाला काय इचारायचंय ते इचारा."

एक म्हातारा बसल्या जागेवरून म्हणाला, तसा साधेपणानेच, "तुमचं बरंय साहेब. तुमची नोकरीच त्याची हाय."

कुणी हसलं नाही. चट्टेवाले तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "घाबरू नको माय. पाणी न घेणारी माणसं मला नवीन न्हाईत." मग त्यांनी लोटा पुन्हा भरून घेतला आणि माझ्यासमोर धरला. "तू पी."

मी परीक्षेत पहिला आलेला. हा रोग कसा पसरतो आणि कसा पसरत नाही, यावर मी चार पानं लिहिलेली. मी लोटा घेतला. त्याच्या काठावर ऊन चमकत होतं आणि मी बघत होतो की तिची बोटं नेमकी कुठे लागली असतील. मी प्यालो. नाही म्हणालो नाही, थांबलोही नाही. पण मान मागे टाकून, लोटा वर धरून, धार तोंडात सोडत प्यालो. लहानपणापासून परक्याच्या भांड्यातून पितो तसा.

तिथे सगळेच तसे पितात. कुणी म्हणेल, यात काय मोठंसं? पण चट्टेवाले ओठ लावून प्यायले होते आणि मी वरून प्यालो, एवढं तीनशे माणसांना दिसलं. एका ओळीत कुणीतरी हातोडा उचलला, मग दुसऱ्याने, आणि काम पूर्ववत सुरू झालं.

बाईने माझ्या हातातून लोटा घेतला. त्यांना म्हणाली, "राहू द्या साहेब. लेकराला जबरदस्ती करू नका." माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती मला सांभाळून घेत होती.

त्यानंतर ती खडीच फोडत राहिली. चट्टेवाले एक दिवसाआड कामावर जायचे. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून त्यांनी तिच्या बोटांना टोपणं केली, दगड धरायला तारेचा चिमटा केला, रोज संध्याकाळी हात उजेडात धरून जखम झाली का बघायला शिकवलं. ती बघायची. पण दिवसाला इतकी खडी फोडली तर इतका दाम, असा हिशेब असताना टोपणं आणि चिमटे कोण सांभाळत बसतं? हातातून रक्त येतंय हे तिला शेजारची बाई सांगायची, तीही दुरून. पावसाळ्याच्या तोंडाला बोटं सुजली, मग सडली, आणि लातूरला नेऊन ती दोन्ही काढावी लागली.

मला ते कधी बोलले नाहीत. सायकलवर शेजारी शेजारी जायचो, ते "दमलो बाबा" म्हणायचे, मी "थांबू या का" म्हणायचो. मी विषय काढायचा प्रयत्न केला की ते लांबच्या एखाद्या पाठीकडे बोट दाखवून तिची शिबं सांगायला लागायचे. पुढे पिवळ्या गोळ्या आल्या आणि आम्ही पुन्हा दहा घरं वाटू लागलो. यादी मी स्वतः फाडली. फाडताना ते बघत होते. "आता फाडून काय करायलास," एवढंच म्हणाले.

काही वर्षांनी तिचा उपचार पुरा झाला. जिल्ह्याचे डॉक्टर तपासायला आले. तिला आमच्या ऑफिससमोर उन्हात उभं केलं, चट्टा नाहीसा झाला होता. डॉक्टर खूश झाले. "रोग पूर्ण बरा झाला बाई, गोळ्या बंद," असं म्हणाले. मग त्यांचं लक्ष डाव्या हाताकडे गेलं. ते भले गृहस्थ होते, तिला धीर द्यावा म्हणून म्हणाले, "ही बोटं रोगानं झडली असं लोक म्हणतील, त्यांचं ऐकू नका. रोगानं बोटं झडत नाहीत. दगडबिगड लागला असेल."

"हाव," ती म्हणाली, "दगडच लागला." आणि हात पदराखाली घेतला.

मी तिथेच उभा होतो. दगड नव्हे, मी, असं म्हणायला मला कुणी अडवलेलं नव्हतं. डॉक्टरांनी पुढचा माणूस बोलावला. चट्टेवाले तिला फाटकापर्यंत पोचवायला गेले, येऊन माझ्याशेजारी बसले आणि "दमलो बाबा" म्हणाले. त्यांनी मला सांभाळून घेतलं, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. आज मी त्यांच्याच वयाचा झालोय, हाताखाली पुष्कळ उमेदवार येऊन गेले, आणि आता कळतं की ज्याच्यावर आपण अजून आशा ठेवून असतो त्याच्यावरच चिडतो. त्यांनी माझा नाद सोडला होता.